अंधांसाठी स्मार्ट काठी: आधी तिला गप्प बसायला शिकवा

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या तंत्रनिकेतनात शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्टचे विषय घेऊन येतात. लातूर जिल्ह्यातलं आमचं कॉलेज, विभाग इलेक्ट्रॉनिक्सचा, आणि दर वर्षी एका तरी गटाचा विषय ठरलेला: 'अंध व्यक्तींसाठी स्मार्ट काठी'. पीव्हीसीचा पाइप, त्यावर दोन डोळ्यांसारखा दिसणारा सेन्सर, प्रोग्रॅम चालवणारा आर्डुइनोचा छोटा बोर्ड, नऊ व्होल्टचा सेल आणि एक बझर. परीक्षक समोर हात धरतात, बझर वाजतो, मार्क मिळतात आणि काठी कपाटात जाते.

काही वर्षांपूर्वी त्यातली एक काठी मी कपाटात जाऊ दिली नाही. गावी तात्यांना नेऊन दिली. तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. तिशीत काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली, आता साठी उलटून गेली आहे. घर ते मारुतीचं देऊळ, देऊळ ते पिठाची गिरणी, गिरणी ते एसटीचा थांबा, हे सगळं ते साध्या पांढऱ्या काठीवर एकटे फिरतात. आठ दिवसांनी गेलो तर आमची काठी खुंटीला टांगलेली. तात्या म्हणाले, "चांगली हाय रे बाळा, पण लई बोलती. भिंत आली की बोलती, माणूस आलं की बोलती, म्हैस आली की बोलती. कामून बोलायली तेच कळंना. आन् ती बोलायली की मला दुसरं काहीच ऐकू येईना."

अडथळा ओळखणारं साधन बनवायचं म्हणजे काय करायचं, हे त्या तीन-चार वाक्यांत जवळजवळ पूर्ण आलं आहे. मला ते कळायला बरीच वर्षं लागली. त्यातलं जे समजलं ते इथे साध्या शब्दांत मांडतो, कारण असे प्रोजेक्ट करणारी मुलं मराठवाड्यात गावोगावी आहेत आणि त्यांच्या काठ्या कपाटात जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

साधी काठी काय काय सांगते

सुरुवात पांढऱ्या काठीपासूनच करायला हवी. ती मागासलेली आणि आपली इलेक्ट्रॉनिक काठी पुढारलेली, असा समज मनात असेल तर तो आधी काढून टाकावा.

काठीचा पांढरा रंग इतरांसाठी आहे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टॉल शहरात जेम्स बिग्ज नावाचे छायाचित्रकार होते. अपघातात त्यांची दृष्टी गेली. रस्त्यावरच्या गाडीवाल्यांना आपण दिसावं म्हणून १९२१ मध्ये त्यांनी आपली काठी पांढरी रंगवली. काठी चालवण्याचं शास्त्र मात्र नंतर आलं. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांना चालायला शिकवताना, अमेरिकेतल्या व्हॅली फोर्ज इथल्या लष्करी रुग्णालयात रिचर्ड हूव्हर यांनी १९४४ च्या सुमारास आजची पद्धत घडवली. काठी लांब आणि हलकी हवी, छातीच्या मधल्या हाडापर्यंत पोहोचेल एवढी. ती डावी-उजवीकडे झुलवत चालायचं. डावा पाय पुढे पडतो तेव्हा टोक उजवीकडे टेकतं, म्हणजे पुढचा पाय जिथे पडणार ती जागा काठीने आधीच तपासलेली असते.

ते टोक जमिनीला टेकतं तेव्हा हातात किती गोष्टी येतात बघा. डांबर संपून मुरूम लागला, पायरी आली, नाली उघडी आहे, इथे पाणी सांडलंय. टकटक आवाजावरून बाजूला भिंत आहे की मोकळं मैदान, हेही कळतं. वजन फारतर पाव किलो, चार्जिंगची गरज नाही, भारनियमनाची भीती नाही. आमच्या मुलांनी पीव्हीसीचा पाइप वापरला तेव्हा त्यांनी नकळत ही सगळी बातमी बंद केली होती. पाइप जाड, त्यावर डबा जड, टोकाचा कंप वर येईपर्यंत मरून जातो. तात्यांना एक सेन्सर मिळाला आणि त्या बदल्यात त्यांचा जुना, फार चांगला सेन्सर आम्ही काढून घेतला.

मग इलेक्ट्रॉनिक्सला काम उरतं कुठे? गुडघ्याच्या वर. काठीचं टोक जमिनीवर फिरतं, त्यामुळे जमिनीला न टेकलेली वस्तू तिला सापडत नाही. उसाची भरलेली ट्रॉली रस्त्याकडेला उभी असते आणि मागे हात-दोन हात ऊस बाहेर आलेला असतो. काठी त्याच्या खालच्या पोकळीत आरामात फिरते, 'रस्ता मोकळा' म्हणते, आणि माणूस कपाळानेच उसावर आदळतो. दुकानाचा पुढे आलेला पत्रा, वाकलेली बाभळीची फांदी, बाहेर उघडलेली खिडकी, मांडवाचा ताण दिलेला दोर, सळया भरून उभा असलेला टेम्पो. तात्यांच्या कपाळावरचे दोन व्रण याच यादीतले आहेत. साधनाने करायचं काम एवढंच: गुडघ्यापासून डोक्यापर्यंतची उंची सांभाळायची. जमिनीचं काठी बघते.

ध्वनीने अंतर कसं मोजतात

सेन्सरवर जे दोन गोल डोळे दिसतात त्यातलं एक तोंड आहे आणि दुसरा कान. तोंड अगदी थोडा वेळ ४० किलोहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४० हजार कंपांचा, आवाज काढतं. माणसाचा कान साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, त्यामुळे आपल्याला तो ऐकू येत नाही. समोर काही असेल तर आवाज त्यावर आपटून परत येतो आणि कान तो पकडतो. गेला कधी, आला कधी, एवढा वेळ मोजायचा. वेरूळच्या लेण्यांच्या अंधारात वटवाघळं याच युक्तीवर उडतात.

गणित आडातलं पाणी किती खोल आहे हे दगड टाकून ओळखण्याइतकं सोपं आहे. २० अंश तापमानाला हवेत ध्वनी सेकंदाला ३४३ मीटर जातो. भिंत २ मीटरवर असेल तर जाणं-येणं मिळून ४ मीटर, म्हणजे सुमारे ११.७ मिलिसेकंद. प्रोग्रॅम वेळेला वेगाने गुणतो, दोनाने भागतो आणि अंतर काढतो. आधीचा प्रतिध्वनी नंतरच्यात मिसळू नये म्हणून दोन मोजण्यांमध्ये साधारण ६० मिलिसेकंद थांबतात.

इथे हुशार मुलं एका वाटेला जातात. तापमान वाढलं की ध्वनीचा वेग वाढतो, दर अंशाला सुमारे ०.६ मीटर. मे महिन्यात ४२ अंशांवर तो ३५७ च्या आसपास असतो, तर हिवाळ्यातल्या पहाटे १२ अंशांवर ३३९. म्हणून ती तापमानाचा वेगळा सेन्सर लावतात, दुरुस्तीचं सूत्र लिहितात, अहवालात आलेख काढतात. पण हा सगळा फरक ५ टक्क्यांचा. २ मीटरवर १० सेंटिमीटर. अडथळा १९० सेंटिमीटरवर आहे की २०० वर, याने चालणाऱ्याला काहीही फरक पडत नाही. ही मेहनत मी आता करू देत नाही, कारण खरे घोटाळे दुसरीकडे आहेत.

पहिला घोटाळा तिरकेपणाचा. ४० किलोहर्ट्झच्या आवाजाच्या एका लाटेची लांबी साडेआठ मिलिमीटरच्या आसपास असते. त्या मापाने पाहिलं तर गिलावा केलेली भिंत, काच, गाडीचा पत्रा हे सगळं आरशासारखं गुळगुळीत. आरशावर तिरका उजेड पडला की तो पलीकडे निघून जातो, तसाच आवाज. भिंतीकडे सरळ तोंड करून चाललात तर सेन्सर लगेच सांगेल. तिरके चाललात तर कदाचित अगदी जवळ जाईपर्यंत गप्प राहील. परीक्षेत हात नेहमी सरळ समोर धरलेला असतो, म्हणून हे तिथे कधी उघडं पडत नाही. याला एक अपवाद आहे: दोन पृष्ठभाग काटकोनात मिळतात तो कोपरा. तिथे आवाज एका बाजूवर आपटून दुसऱ्यावर जातो आणि आला त्याच दिशेला परत फिरतो. कोपऱ्याची ही गोष्ट लक्षात असू द्या, ती पुढे लागणार आहे.

दुसरा घोटाळा मऊपणाचा. दोरीवर वाळत घातलेली साडी, गोधडी, घोंगडं पांघरलेला माणूस, हे आवाज पिऊन टाकतात. तिसरा बारीकपणाचा. शेताच्या कडेची काटेरी तार आवाजाच्या लाटेपेक्षा बारीक, तिच्यावरून फारच थोडं परत येतं. सळई त्याहून वाईट: ती जाड असली तरी तिचं टोक आपल्याकडे असतं, आणि टोकाचा आकार रुपयाच्या नाण्याहूनही लहान. म्हणजे सगळ्यात घातक वस्तूच सेन्सरला सगळ्यात कमी ऐकू येते. हे ज्याला सांगायचं त्याला स्पष्ट सांगायला हवं.

उलटी चूकही होते, म्हणजे समोर काही नसताना बोंब. सेन्सरचा आवाज रेषेसारखा सरळ जात नाही, बॅटरीच्या उजेडासारखा पसरत जातो. हा पसारा १५ ते ३० अंशांचा धरला तर २ मीटरवर तो अर्धा ते एक मीटर रुंद होतो. काठी थोडी खाली झुकली की त्याची खालची कड जमिनीला लागते. सिमेंटच्या गुळगुळीत रस्त्यावर तो आवाज पुढे निघून जातो आणि काही बिघडत नाही. खडीच्या रस्त्यावर मात्र प्रत्येक खडा थोडा थोडा आवाज मागे फेकतो आणि काठी ओरडत सुटते. आमची काठी कॉलेजच्या फरशीवर शहाण्यासारखी वागायची आणि गावाच्या रस्त्यावर गेली की बिथरायची, त्याचं कारण हे होतं. एसटी स्टँडवर आणखी एक गंमत सापडली. बसच्या एअर ब्रेकमधून फुस्स करून हवा सुटते, त्या आवाजात आपल्याला न ऐकू येणारा उंच पट्टीचा आवाजही भरपूर असतो, ४० किलोहर्ट्झपर्यंतचा. सेन्सरला वाटतं, माझाच प्रतिध्वनी आला. आणि अशाच दोन काठ्या शेजारी शेजारी चालल्या तर एकीचा आवाज दुसरीच्या कानात जातो. अंध मुलांच्या शाळेत दहा-वीस काठ्या एकदम वाटणाऱ्यांनी हे आधी तपासून घ्यावं.

भलत्या मोजणीवर उपाय सोपा आहे. एका मोजणीवर विश्वास ठेवायचा नाही. तीन घ्यायच्या, लहान-मोठ्या क्रमाने लावायच्या आणि मधली घ्यायची. एखादी वेडीवाकडी असेल तर ती आपोआप कडेला पडते. पाच घेतल्या तर आणखी चांगलं, पण पाचांना ३०० मिलिसेकंद लागतात, तेवढ्यात माणूस एक फूट पुढे गेलेला असतो. आम्ही तीनवर थांबलो.

ध्वनीऐवजी प्रकाश का नको, असं मुलं विचारतात. अवरक्त लेझरचा, म्हणजे डोळ्याला न दिसणारा, प्रकाश पाठवून तो परत यायला किती वेळ लागला हे मोजणारी नखाएवढी चिप आता सहज मिळते. २ मीटर जाऊन यायला प्रकाशाला फक्त १३ नॅनोसेकंद लागतात आणि ती चिप तेही मोजते. तिचा झोत अरुंद असतो, त्यामुळे घरात, जिन्यात ती छान चालते. पण अवरक्त प्रकाश उन्हातही असतो. मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात तिचा स्वतःचा प्रकाश त्या लखलखाटात हरवतो आणि पल्ला एकदम घटतो. बाहेर फिरणाऱ्यासाठी आमच्या भागात ध्वनीच जास्त भरवशाचा. मोबाइलच्या कॅमेऱ्याने वस्तू ओळखणारी ॲप्स पाटी वाचायला, नोट ओळखायला फार उपयोगी आहेत. पण चालता चालता कपाळ वाचवायला हातात मोबाइल धरून ठेवणं तात्यांना जमणारं नाही, कारण एका हातात काठी आणि दुसऱ्यात दळणाचा डबा असतो.

कान रिकामे हवेत

आता तात्यांच्या तक्रारीचा गाभा: "ती बोलायली की मला दुसरं काही ऐकू येईना."

भिंत जवळ आली की ती न शिवता कळते, असं अनेक अंध व्यक्ती सांगतात. पूर्वी लोकांना वाटायचं की हे चेहऱ्याच्या कातडीला कळतं, कारण तसं जाणवतंच. गालावर, कपाळावर काहीतरी दाब येतो. १९४४ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या मायकेल सुपा, मिल्टन कॉट्झिन आणि कार्ल डॅलेनबाख यांनी याचा छडा लावलेले प्रयोग प्रसिद्ध केले. सुपा स्वतः अंध होते. चेहरा झाकून चालायला लावलं तरी अडथळा कळायचा. कान बंद केले की माणूस जाऊन आदळायचा. एका प्रयोगात तर ऐकणारा माणूस आवाजबंद खोलीत बसलेला आणि अडथळ्याकडे दुसराच चालतोय. त्या चालणाऱ्याच्या पावलांचा आवाज तारेवरून ऐकून बसलेला माणूस सांगू शकला की अडथळा जवळ आला. चेहऱ्याला जे जाणवतं असं वाटत होतं, ते सगळं कानाचं काम होतं. डोळस माणसंही डोळ्यांवर पट्टी बांधून सरावाने हे थोडंफार शिकली.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या बझरची लाज वाटली. तात्यांच्या कानात पावलांचा प्रतिध्वनी, गिरणीचा पट्टा, मागून येणारी मोटरसायकल, कुणाचं तरी खाकरणं, असा सगळा गाव असतो. त्यावर आम्ही बझर वाजवत होतो. १९६० च्या दशकात लेस्ली के या अभियंत्यांनी ध्वनीवर चालणारी हातातली टॉर्च बनवली होती. ती अंतर आवाजाच्या पट्टीतून कानाला सांगायची. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ते काम विलक्षण होतं, पण ते ऐकायला शिकावं लागायचं आणि तो सतत कानात असायचा. आज इअरफोन लावायला सांगणारे प्रोजेक्ट बघतो तेव्हा मी तिथेच थांबवतो.

म्हणून निरोप हातात द्यायचा, कंपाने. मोबाइल थरथरतो ती नाण्याएवढी मोटर मुठीत बसवायची. आपल्या कातडीला सेकंदाला दोनशे-तीनशे वेळा होणारी थरथर सगळ्यात चांगली कळते आणि या मोटरी त्याच्या आसपास फिरतात. ती बोर्डच्या पिनला थेट जोडू नका. पिन २० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह सुखाने देते, मोटरला त्याच्या तीन-चारपट लागतो. मध्ये स्विचसारखं काम करणारा ट्रान्झिस्टर लावा आणि मोटरवर उलटा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), नाहीतर मोटर बंद होतानाच्या झटक्याने बोर्ड जाईल.

कंपाची भाषा मात्र लहान ठेवावी. मुलांनी सुरुवातीला अंतर जसं कमी होईल तसा कंप हळूहळू वाढवला होता. कागदावर देखणं, हातात निरुपयोगी. थरथर दीडपट झाली की पावणेदोनपट, हे चालता चालता कुणाला कळतं? आम्ही तीनच शब्द ठेवले. लांब आहे: एक लांब थरथर. जवळ आहे: दोन. थांबा: सलग. मोटर वेगात यायलाच थोडा वेळ लागतो, त्यामुळे फार छोटे ठोके जाणवतच नाहीत. आणि काठीच्या टोकाची टकटकही त्याच मुठीत येत असते, तिच्यापासून वेगळं वाटेल असंच काहीतरी हवं.

भिंत शत्रू नसते

तात्या म्हणाले होते, "भिंत आली की बोलती." मी तेव्हा मनात म्हटलं, भिंत हा अडथळा आहे, बोलणारच की. मग एक दिवस त्यांच्या मागे मागे गिरणीपर्यंत चाललो. ते सगळा वेळ जुन्या वाड्याच्या भिंतीला धरून चालत होते, हात न लावता, काठीचं टोक अधूनमधून तिला टेकवत. भिंत संपली तिथे वळले. पुढे ओट्याची कड, मग पिंपळाचा पार. आम्ही ज्यांना अडथळे म्हणत होतो ती त्यांची वाट होती. आमची काठी त्या भिंतीशेजारून सबंध वाटभर वाजत राहिली असणार, पिंपळाच्या पाराशी तर आणखी जोरात. ज्या खुणेवर ते घरी पोहोचतात तिच्यापासूनच सावध राहा म्हणून सांगत.

लातूरची गंजगोलाई आठवा. मधे गोल इमारत आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. डोळसाला सुंदर दिसते. तात्यांना ती शहरातली सगळ्यात अवघड जागा वाटते, आणि तिथे अडथळा काहीच नाही. गोल कडेला धरून चाललं की आपण किती वळलो ते कळत नाही, सरळ रेष सापडत नाही. अडथळा ओळखणं आणि वाट ओळखणं ही दोन वेगळी कामं आहेत. काठीने पहिलं करताना दुसऱ्यात ढवळाढवळ केली तर ती नको होते.

मग काठीने कधी बोलावं? आम्ही हळूहळू या नियमावर आलो: अंतर जवळपास तेवढंच राहत असेल तर गप्प. अंतर कमी होत असेल, आणि चालण्याच्या वेगाने कमी होत असेल, तरच बोल. बाजूची भिंत बाजूलाच राहते, म्हणून ती सुटली. एक अडचण राहिली. काठी झुलते, त्यामुळे डावीकडचं अंतर वेगळं, उजवीकडचं वेगळं, आणि सेन्सरला वाटतं सगळं सारखं जवळ-लांब होतंय. यासाठी एका मुलीने सेन्सर छातीवर लावायचं सुचवलं. छाती झुलत नाही. कल्पना चांगली होती, पण तात्यांचं उपरणं सेन्सरवर यायचं आणि काठी, म्हणजे आता छाती, कायम 'थांबा' म्हणायची. शेवटी सेन्सर काठीवरच, मुठीच्या खाली, थोडा वर झुकवलेला, आणि तुलना एका झुलीची पुढच्या झुलीशी. वर झुकवल्याने खडीचा त्रासही गेला.

पल्ला २ मीटर ठेवला. माणूस सेकंदाला साधारण एक मीटर चालतो, म्हणजे दोन सेकंद हातात. आठवडी बाजारात मात्र २ मीटरमध्ये कायम कुणीतरी असतंच. तिथे पल्ला कमी हवा किंवा काठी बंद हवी. त्यासाठी आम्ही दाबायचं बटण दिलं होतं, ते चुकलं. दाबल्यावर आता चालू झालं की बंद, हे बोटाला कळत नाही. सरकवायचा स्विच लावला. वर म्हणजे चालू, मध्ये म्हणजे जवळचा पल्ला, खाली म्हणजे बंद. अंगठा ठेवला की कळतं.

यातूनच एक जास्त गंभीर प्रश्न पुढे आला. काठी गप्प आहे, म्हणजे वाट मोकळी आहे की सेल संपलाय? डोळसाला दिवा दिसतो. इथे गप्प राहण्याचे दोन अर्थ होतात आणि त्यातला एक कपाळ फोडणारा आहे. आता चालू केल्यावर काठी एक ओळखीचा कंप देते, सेल उतरायला लागला की वेगळा देते, आणि सेन्सर बिघडला तरी देते. नऊ व्होल्टचा चौकोनी सेल काढून टाकला, तो यासाठी अगदीच तोकडा. मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होणारा लिथियमचा सेल घातला, कारण घरात नातवाचा तो चार्जर असतोच.

हे सगळं आम्हीच पहिल्यांदा शोधलं असं नाही. दिल्लीच्या आयआयटीत प्रा. एम. बालकृष्णन आणि प्रा. पी. व्ही. एम. राव यांच्या गटाने, अंध वापरकर्त्यांना बरोबर घेऊन, वर्षानुवर्षं काम करून 'स्मार्टकेन' तयार केली. ती २०१४ मध्ये बाजारात आली, किंमत सुरुवातीला साधारण ३ हजार रुपये. ती नेहमीच्या पांढऱ्या काठीलाच मुठीसारखी बसते, कंपाने सांगते, बाहेरसाठी ३ मीटर आणि घरात १.८ मीटर असे दोन पल्ले तिला आहेत. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून सहायक साधनं मिळतात, त्यात स्मार्ट काठीही येते. ज्यांना आज गरज आहे त्यांनी आधी ती मागावी. आमच्या मुलांना मी तिची मूठ हातात देतो आणि म्हणतो, यात काय काय *नाही* ते शोधा. स्क्रीन नाही, बोलणारी बाई नाही, जीपीएस नाही.

चाचणीबद्दल एकच आग्रह. डोळ्यांवर पट्टी बांधून स्वतः चाचणी घेऊ नका, किंवा घेतलीत तर तिच्यावर निष्कर्ष काढू नका. पट्टी बांधलेला डोळस माणूस घाबरलेला असतो, त्याला प्रत्येक कंप हवाहवासा वाटतो. तात्यांना चालण्याचा तीस वर्षांचा अनुभव आहे. त्यांना फक्त जे काठीला कळलं नाही तेवढंच हवं असतं.

गेल्या हंगामात कारखान्याची मोळी पडली आणि रस्त्यांवर ट्रॉल्या आल्या, तेव्हा नवी काठी तात्यांकडे होती. फाट्यावर उभ्या ट्रॉलीच्या मागे ते दोन पावलं अलीकडे थांबले, हात वर करून उसाची कांडी चाचपली आणि वळसा घालून गेले. वाटेत दुसरा एकही कंप झाला नव्हता. ऊस पुष्कळ असतो, वेडावाकडा असतो, कुठून ना कुठून आवाज परत येतो.

सळयांचं मात्र जमेना. वर्कशॉपमध्ये सळया आडव्या बांधून, सेन्सर दोन लावून, कोन बदलून पाहिले. टोकं अगदी जवळ आली की मगच काठी बोलते. हे तात्यांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "सळईला लाल फडकं बांधत्यात ना रे गाडीवाले? ते तुमच्यासाठी. माझ्यासाठी काय बांधत्यात?"

फडकं आवाज पिऊन टाकतं. पण पत्रा पीत नाही, आणि कोपरा आवाज आला तिकडेच परत पाठवतो. मुलांनी तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापला, आवाज कुठूनही आला तरी कोपऱ्यात सापडावा म्हणून एकमेकांना काटकोनात असे तीन तुकडे जोडले, लाल रंग दिला आणि सळयांच्या टोकाला तारेने बांधला. काठी तो दीड मीटरवरून सांगते. गावातल्या लोखंडाच्या दुकानदाराने असे दहा मागितले आहेत. मुलं सध्या तेच कापत बसली आहेत, कडा नीट घासून, कारण तो पत्राही कुणाच्या तरी कपाळाच्या उंचीवर टांगलेला असणार आहे.